जोडारी म्हणजे चपलांचा दुकानदार नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला 'ट्रेड' या शब्दावरचा लेख वाचला. लेखकमहाशयांनी 'ट्रेड म्हणजे व्यापार' असं एका वाक्यात उरकलं आणि फिटर, टर्नर, वेल्डर यांना किरकोळ व्यापाऱ्यांच्या रांगेत बसवून मोकळे झाले. डॉक्टर-वकिलांच्या 'प्रोफेशन'ला मात्र दोन रकाने. असो, मोठ्यांचा मान मोठा.

हा शब्द चौदाव्या शतकात जर्मन मुलखातल्या बोलीतून इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ होता वाट. रोजच्या पायाखालच्या वाटेवरून रोजचं काम, हातातलं कसब असा तो सरकत गेला. खरेदी-विक्री त्याला चिकटली ती सोळाव्या शतकात. शाळेच्या भूगोलातले 'व्यापारी वारे' याच घोटाळ्यातले. ठरलेल्या दिशेने सतत वाहतात म्हणून ते ट्रेड विंड्स. वाऱ्याला कसला आलाय व्यापार!

मी आयटीआयमध्ये शिल्प निदेशक, म्हणजे हातातलं कसब शिकवणारा 'क्राफ्ट इन्स्ट्रक्टर' होतो. (सोयरिकीच्या बैठकीत 'तुमच्या मूर्ती कुठं बघायला मिळतील?' असं विचारणारेही भेटले.) तिथल्या सरकारी मराठीत ट्रेड म्हणजे 'व्यवसाय', फिटर म्हणजे जोडारी, टर्नर म्हणजे कातारी, वेल्डर म्हणजे संधाता. माझ्या एका विद्यार्थ्याला चिंचोळी एमआयडीसीत नोकरी लागली. खातं उघडायला तो बँकेत गेला, मी सोबत होतो. अर्जात 'व्यवसाय' या रकान्यात त्यानं प्रमाणपत्रावर होतं तेच लिहिलं: जोडारी. खिडकीमागच्या साहेबांनी वर न बघता विचारलं, ''चपलांचं दुकान आहे का? मग शॉप अॅक्टचा दाखला आणा.'' पोरगं लाजेनं लाल. शेवटी 'नोकरी' असं खरडून घेतलं आणि दोन वर्षांचं शिक्षण तिथंच खोडलं गेलं.

या पोरांनी काय केलेलं असतं ते तरी लेखकांनी एकदा येऊन बघावं. व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा धरून दिवसचे दिवस कानस मारायची. मग काटकोन तपासायचा गुण्या लावून तो उजेडासमोर धरायचा. फटीतून प्रकाशाची बारीक रेघ दिसली की पुन्हा कानस. तळहाताला फोड येतात, पण रेघ जाईपर्यंत सुटका नाही. अक्कलकोट रोडला चद्दरीचा माग मध्येच बंद पडला, की मालक व्यापाऱ्याला फोन करत नाही.

मी नोकरीत असताना पगारातून वर्षाला २५०० रुपये 'व्यवसाय कर' (इंग्रजीत 'प्रोफेशन टॅक्स') बिनबोभाट कापला जायचा. तेव्हा जोडारी म्हणजे काय, हे कुणालाही विचारावं लागलं नाही!

जाता जाता आणखी एक. कुठल्या भागात कधी पाणी येणार, हे आपण सोन्याच्या जाहिरातीखाली मुंगीच्या अक्षरात छापता. चार-पाच दिवसांआड येणारं पाणी आहे साहेब, चष्मा लावूनही वाचता येत नाही. निदान ते तरी पहिल्या पानावर घ्या.

कळावे,
एक निवृत्त शिल्प निदेशक,
जुळे सोलापूर