पाणी संथ आहे, पण वाऱ्याचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाठपिशवीत मावणाऱ्या, फुगवून वापरायच्या पॅकराफ्टविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. लेख उत्साहाने लिहिला आहे, पण तलावाचे पाणी संथ असल्याने नवशिक्यांनी तिथे बिनधास्त उतरावे हा त्यातला सल्ला तसाच सोडून देता येत नाही. नदीत धास्ती प्रवाहाची असते, तलावात वाऱ्याची. आणि वाऱ्यापुढे पॅकराफ्टइतकी हतबल नाव शोधून सापडायची नाही.

कारण त्याच्या बांधणीतच आहे. टीपीयू या लवचीक प्लास्टिकचा लेप दिलेले नायलॉनचे कापड, एकट्यासाठीच्या नावेचे वजन साधारण दीड ते चार किलो, बूड सपाट आणि भोवती फुगीर नळी. पाण्याखाली जेमतेम काही सेंटीमीटर आणि बाकी सगळा डोलारा पाण्यावर. त्यामुळे वाऱ्याला धरायला भरपूर जागा मिळते, पाण्यात पकड मात्र जवळजवळ नाहीच. संथ पाण्यातही वेग ताशी तीन-चार किलोमीटरच्या पुढे फारसा जात नाही. समोरून वारा असेल तर पाणी प्यायला वल्हे खाली ठेवले की कमावलेले अंतर हातचे गेलेच. बुडाखाली फिन, म्हणजे माशाच्या परासारखी उभी पट्टी लावली तर प्रत्येक वल्ह्यागणिक तोंड डावी-उजवीकडे फिरणे कमी होते, वेग मात्र वाढत नाही.

एकटा माणूस सामान न घेता मागे टेकून बसला की नावेचे पुढचे टोक वर उचलले जाते आणि वारा नेमका तेच धरून नाव फिरवतो. म्हणून पाठपिशवी पुढच्या टोकावर चारही कड्यांना घट्ट बांधावी. सैल बांधलेली पिशवी लाटेसरशी एका बाजूला घसरते, ते त्याहून वाईट.

सगळ्यात फसवा प्रकार पाठवाऱ्याचा. वारा काठाकडून आत वाहत असेल तर काठालगतचे पाणी आरशासारखे दिसते. लाटांना वाढायला अंतर लागते, त्या मध्यावर आणि पलीकडच्या काठाला उठतात. तोवर नवखा माणूस हसतखेळत दूर गेलेला असतो आणि परतीचा प्रत्येक मीटर वाऱ्याच्या तोंडावर काढायचा असतो. उतरण्याआधी दूरच्या पाण्याकडे नीट पाहावे. अधूनमधून लाटांची डोकी पांढरी होताना दिसली तर वारा त्याचा जोर सांगणाऱ्या ब्यूफोर्ट मापनाच्या तिसऱ्या पायरीवर, म्हणजे ताशी 12 ते 19 किलोमीटरवर आला असे समजावे. नवशिक्याने तेव्हा काठावरच थांबावे. एरवीही जाताना वारा तोंडावर आणि येताना पाठीवर घ्यावा, तलाव मधून कापण्याऐवजी काठाकाठाने जावे.

हवा भरण्याबद्दल लेखात एकच वाक्य आहे, आणि खरी गोम तिथेच आहे. हलक्या कापडी पिशवीत हवा कोंडायची, तोंड पिळायचे आणि ती नावेत दाबायची, असे दहा-पंधरा वेळा केले की नाव आकार धरते. उरलेला दाब तोंडाने किंवा छोट्या पंपाने द्यायचा. इथे काम संपले असे वाटते, पण ते अर्धेच झालेले असते. समजा 35 अंशांच्या हवेत 1 पीएसआय (पीएसआय हे दाबाचे एकक) दाब भरला आणि थंड पाण्याने आतली हवा 20 अंशांवर आणली. बाहेरच्या हवेचे 14.7 पीएसआय धरून एकूण दाब सुमारे 5 टक्के उतरतो, आणि ते 5 टक्के म्हणजेच पाऊण पीएसआय. हातात उरतो जेमतेम पाव. मग नाव मधोमध दुमडते आणि लोक भोक शोधत बसतात! त्यापेक्षा भरलेली नाव पाण्यावर ठेवून वरून पाणी शिंपडावे, पाच-दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा हवा भरावी. अंगठ्याने दाबल्यावर नळी किंचितच आत जायला हवी. उलट, जेवायला काठावर आलात तर थोडी हवा सोडून नाव सावलीत ठेवा. कडक उन्हात तापलेल्या भरगच्च नावेची शिवण उसवते.

खरोखरच हवा जात असेल तर आधी व्हॉल्व्ह, म्हणजे हवा भरायची झडप तपासावी. पुष्कळदा झडप जिथे टेकते तिथे वाळूचा एखादा कण अडकलेला असतो. तिथे काही नसेल तर साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधावेत. ओल्या कापडावर ठिगळ धरत नाही. जागा पुसून, अल्कोहोलने स्वच्छ करून पूर्ण वाळू द्यावी आणि ठिगळाचे कोपरे गोल कापावेत, टोकदार कोपरा आधी सुटतो. बहुतेक पॅकराफ्टना हवेचा मुख्य कप्पा एकच असतो. सुईएवढ्या भोकाने काठावर यायला वेळ मिळतो, कापड फाटले तर मिळत नाही. लाइफ जॅकेट अंगात हवे ते यासाठीच, नावेला बांधलेले काही कामाचे नाही. 50 न्यूटनचे (न्यूटनचा आकडा म्हणजे जॅकेटचा तरंगवण्याचा जोर) जॅकेट पोहता येणाऱ्या आणि मदत जवळ असलेल्यांसाठी असते. पोहण्याचा भरवसा नसेल तर निदान 100 न्यूटनचे घ्यावे.

नाव उलटली तर आधी नाव धरायची, मग वल्हे. रिकामी नाव वाऱ्याबरोबर पोहणाऱ्यापेक्षा जोरात पळते. ती सुलटी करून बाजूने चढावे. सरळ उभे राहून ओढू लागलात तर ती पुन्हा अंगावर येते. पाय मागे झाडत शरीर पाण्यावर आडवे आणायचे, छाती नळीवर सरकवायची आणि मग वळून बसायचे. हे कंबरभर पाण्यात, अंगावरच्या कपड्यांनिशी चार-सहा वेळा करून पाहिल्याशिवाय खोल पाण्यात जाऊ नये.

लेखासोबतच्या छायाचित्रात वल्हेकऱ्याने नावेची दोरी कमरेला गाठ मारून बांधली आहे. तलावात नाव निसटू नये म्हणून दोरी ठेवायला हरकत नाही, पण ती एका झटक्यात सुटणाऱ्या पट्ट्याला जोडलेली हवी. ओली गाठ गार पडलेल्या बोटांनी सुटत नाही. वाहत्या नदीत तर अशी दोरी मुळीच नको, ती खडकात किंवा फांदीत अडकली की माणूस प्रवाहाखाली दाबला जातो. तेवढी दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपला,
एक वल्हेकरी वाचक