चिपळूणच्या गॅरेजवाल्या मामांना

मामा, स. न. वि. वि.

पैसे देताना नुसतं 'थँक्यू' म्हणून निघालो, ते मनाला पटेना. म्हणून चारचौघांत लिहितोय.

कुंभार्ली घाट उतरला की पुढच्या डाव्या चाकाला जळकट वास यायचा आणि ब्रेक दाबला की स्टिअरिंग एका बाजूला ओढायचं. आधीच्या गॅरेजात नवे ब्रेक पॅड टाकून दिले होते. पावसाळा सरायच्या आत वास पुन्हा सुरू.

तुम्हीही पॅड बदलून मोकळे झाला असता तर मला कळलंही नसतं. पण तुम्ही डाव्या चाकाचे दोन्ही पॅड वर्तमानपत्रावर शेजारी ठेवले आणि मला खाली बसवून दाखवले. बाहेरचा जवळजवळ नवा. आतला पत्र्याला टेकायला आलेला, तोही तिरका. "ब्रेक ऑइलचा पाइप आतून बुजला असता तर दोन्ही पॅड खाल्ले असते. इथं एकच खाल्लाय, म्हणजे कॅलिपर सरकत नाही," असं म्हणालात आणि मग पाना हातात घेतलात. आधी निदान, मग पाना. ह्याच क्रमाचे आभार मानायचे आहेत.

कॅलिपर म्हणजे दोन्ही पॅड धरून ठेवणारा चिमटा. त्यातला पिस्टन एकाच बाजूला, आत असतो. तो आतला पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दाबतो, आणि त्याच जोराने कॅलिपर पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो, हे तुम्ही हाताने करून दाखवलंत. पिन जाम झाली की बाहेरचा पॅड निवांत, सगळा मार आतल्याला; पाय काढला तरी तो सुटत नाही. वरची पिन बोटाने फिरत होती. खालची पक्कडीने पिळून, ठोकून काढावी लागली. तिच्या रबरी बुटाला, म्हणजे पिनेवरच्या टोपणाला, केसाएवढी चीर होती. आपल्याकडचा पाऊस नि चिखल त्यातूनच आत गेला होता. ग्रीसच्या जागी तपकिरी गंज.

काम करताना कॅलिपर पाइपला लोंबकळू दिला नाहीत, तारेने बांधलात. पिस्टन मागे ढकलण्याआधी ब्रेक ऑइलचं झाकण उघडून पातळी बघितलीत. पिस्टन सरळ मागे गेला, म्हणजे तो शाबूत. डिस्कवर कोरलेली किमान जाडी वाचून व्हर्नियर लावलात आणि "डिस्क राहू दे, उगाच खर्च नको" म्हणालात. तिथे नवी डिस्क गळ्यात मारणं किती सोपं होतं! पिना नव्या, बूट नवे, पॅड मात्र डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे. पोऱ्याने बेअरिंगचं ग्रीस पुढे केलं तेव्हा तुम्ही त्याचा हात धरलात: साध्या ग्रीसने रबर फुगतं, इथं सिलिकॉनचंच. तो पोरगा हे जन्मभर विसरणार नाही, मामा.

गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबायला लावलंत, आणि पहिले दोन-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक मारू नका म्हणून बजावलंत. तसंच केलं. परवा आईला कऱ्हाडला डॉक्टरांकडे नेऊन आणलं. घाट उतरून आल्यावर वास नाही, गाडी सरळ थांबते. आई मागे झोपली होती.

ब्रेक ऑइलला दोन वर्षं होत आली. दिवाळीनंतर गाडी घेऊन येतो, तेव्हा उजव्या बाजूच्या पिनाही उघडून बघू.

आपला,
डाव्या चाकाच्या वासाची तक्रार घेऊन आलेला