आजोबा तुला नाही म्हणालेले नाहीत

प्रिय संद्या,

तुझा तो भलामोठा व्हॉइस मेसेज विरार लोकलमध्ये एका कानाने ऐकला, दुसऱ्या कानात एका काकूंचं सुनेबद्दलचं गाऱ्हाणं, त्यामुळे घरी येऊन परत ऐकला. म्हणजे एकूण असं की तुझ्या संशोधनासाठी तू ज्यांच्याकडे जातोस त्या आरेतल्या पाड्यावरच्या आजोबांना डोळ्यांनी दिसत नाही, वाघोबाच्या पूजेचं आणि कणसरीच्या, म्हणजे धान्यदेवीच्या, कथेचं सगळं त्यांच्या तोंडपाठ आहे, आणि ते तुला ताकास तूर लागू देत नाहीत. उलट तुलाच विचारतात गाव कुठलं, गावदेवी कोणती, जत्रा कधी भरते, आजीचं माहेर कुठलं. आणि डोंबिवलीच्या साहेबांना आजीचं माहेर सांगता येईना! जाम हसलो यार.

पण चिडू नकोस, तुला ओगोटेमेलीचं सांगतो. माली देश आहे ना, तेव्हा ते फ्रेंच सुदान होतं, तिथे बांदियागाराच्या कड्याला धरून डोगोन लोकांची गावं आहेत, त्यातल्या ओगोल गावचा हा म्हातारा. शिकारी होता, बंदूक फुटून डोळे गेले. १९४६ मध्ये त्याने मार्सेल ग्रिऑल नावाच्या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाला निरोप पाठवून बोलावलं, निमित्त काय तर ताईत विकायचाय. ताईत राहिला बाजूला, आधी बसायचं कुठे यावरच खल, बायकांच्या कानावर पडता कामा नये, आवाज खाली ठेव, वगैरे. आणि मग ३३ दिवस तो बोलत होता. अम्मा देवाने पृथ्वी कशी घडवली, पाण्यातले जुळे नोम्मो, कापड विणणं आणि बोलणं यांचं नातं, आणि त्यांचं ते धान्याचं कोठार, त्याच्या पायऱ्या, कप्पे, सगळ्यात अख्खं विश्व मांडून दाखवलंन. शाळेचं तोंड न बघितलेला माणूस हा, आणि युरोपातले प्राध्यापक वाचून थक्क झाले.

आता यातली गंमत बघ. ग्रिऑल काही काल आलेला नव्हता, १९३१ पासून तो त्या भागात येत होता. ती पहिली मोहीम डाकारपासून जिबुटीपर्यंतची, आणि तिच्यात गावातल्या पूजेच्या वस्तू धाकदपटशाने उचलून नेल्या हे त्याच्याच सोबत्याने, मिशेल लेरिसने, डायरीत लिहून ठेवलंय. त्या वस्तू गेल्या पॅरिसच्या म्युझियममध्ये. वर ग्रिऑलचं स्वतःचं मत असं की माहिती काढणारा म्हणजे तपास करणारा न्यायाधीश आणि माहिती देणारा जवळजवळ आरोपी, खोटं बोलणारच, त्याला कोंडीत पकडायचं. आता मला सांग, असल्या माणसाला कोण पहिल्या भेटीत देव काढून दाखवेल? पंधरा वर्षं हा काय विचारतो, ऐकलेलं कुठे जाऊन ओकतो, हे तिथल्या म्हाताऱ्यांनी बघून घेतलं आणि आपसात ठरवून मग ओगोटेमेलीला पुढे केलं, असं ग्रिऑलच्या बाजूने सांगतात. डोगोनांमध्ये ज्ञानाच्या चार पायऱ्या असतात असंही त्याच लोकांनी लिहिलंय, पहिली कुणालाही सांगायची, शेवटची क्वचितच कुणाला.

इथपर्यंत गोष्ट छानच आहे आणि बहुतेक लोक इथेच थांबतात. पण पुढचा भाग तुझ्या कामाचा. १९५० मध्ये ग्रिऑल आणि त्याची सहकारी जेर्मेन दिएतेर्लां यांनी छापलं की डोगोनांना व्याधाच्या ताऱ्याचा जोडतारा माहीत आहे, जो नुसत्या डोळ्यांनी दिसूच शकत नाही, दुर्बिणीतून पहिल्यांदा १८६२ मध्ये दिसला. झालं, पुढे त्यावरून परग्रहवाल्यांची पुस्तकं निघाली, आणि तुझ्या मामांच्या ग्रुपवर अजून महिन्यातून एकदा ते फॉरवर्ड येतं, एलियन आफ्रिकेत उतरले म्हणून. मग वॉल्टर व्हॅन बीक नावाचा डच माणूस तिथे जाऊन राहिला, सगळं परत तपासलं आणि १९९१ मध्ये लिहिलं की त्या जोडताऱ्याचं, त्या मोठ्या सृष्टिकथेचं गावात कुणालाच काही माहीत नाही. त्याचं म्हणणं, ग्रिऑल स्वतःच प्रश्नातून उत्तर सुचवायचा, आणि समोरचे लोक पाहुण्याला नाही म्हणायचं नाही म्हणून हो हो करायचे. ग्रिऑलची मुलगीही याच विषयातली, ती अर्थातच भडकली. वाद अजून मिटलेला नाही.

मला विचारशील तर ओगोटेमेली थापा मारत होता असं मला वाटत नाही. डोकं असलेला, विचार करणारा म्हातारा, समोर रोज वही घेऊन बसणारा भुकेला माणूस, बोलता बोलता त्याने स्वतःचं असं काही रचलं असेल, त्यात गावाचं किती आणि त्याचं किती हे आता कोण सांगणार. पण ग्रिऑलला गूढ हवं होतं म्हणून त्याला गूढ मिळालं, एवढं मात्र मला पक्कं वाटतं. तू पण तेच करतोयस. पहिल्याच दिवशी विचारलंस, 'आजोबा, जे कुणालाच सांगत नाही ते सांगा.' अरे बाबा!

आणि आरेतल्या लोकांकडे तुझ्याआधी कमी का वहीवाले आलेत? सर्व्हेवाले आले, संडेला कॅमेरेवाले येतात, वारली चित्रं भिंतीवर हवीत म्हणून सोसायटीवाले येतात, २०१९ च्या ऑक्टोबरात मेट्रो कारशेडसाठी दोन हजारांवर झाडं गेली तेव्हा तर चॅनेलवाल्यांनी रांग लावली होती, नंतर कुणी फिरकलं का? मग ते विचारणारच, तू कोणाचा कोण. आजीचं माहेर विचारणं हा टाइमपास नाहीये, तुझ्या घरच्यांचं तुला किती माहीत आहे आणि ते तू जपलंयस का, एवढंच ते चाचपतायत, नाहीतर त्यांचं तू काय जपणार.

तेव्हा आधी काकूंना फोन लावून आजीचं सगळं विचारून घे. आजोबांकडे जाशील तेव्हा रेकॉर्डर बॅगेतच राहू दे. कणसरीची कथा त्यांच्यात भगत घांगळी या तारवाद्यावर गातो, तिची वेळ असते, तुझ्या सबमिशनच्या तारखेशी तिला काही घेणंदेणं नाही, गाइडला हे स्पष्ट सांग. आणि पुढेमागे रेकॉर्ड करू दिलंच, तर तिथेच बसून त्यांना ऐकव, ते म्हणाले हे पूस तर त्यांच्यादेखत पुसायचं. ग्रँटवाले बोंबलले तर बोंबलू देत.

शनिवारी मला हाफ डे आहे, गोरेगाव स्टेशनला भेटू, बसने जाऊ.

तुझा,
मन्या