गोल चाक गोलच दिसू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी एकवीस वर्षं व्हिडिओ एडिटिंग करते. टीव्हीवर किंवा मोबाईलवर जुनं चित्रीकरण लागलं की माझी नजर आधी चेहऱ्यांवर आणि मग लोगोवर जाते. चेहरे पसरट झालेले असतात, लोगो अंड्यासारखा. बाजूच्या काळ्या पट्ट्या नकोत म्हणून कुणीतरी ४:३ चं (रुंदी ४ तर उंची ३ अशा जुन्या टीव्हीच्या आकाराचं) चित्र ओढून १६:९ केलेलं असतं. त्यात प्रत्येक गोष्ट एक तृतीयांशाने रुंद होते. हा फरक थोडाथोडका नाही, ओळखीचा माणूसही त्यात परका वाटतो.

मीही ही चूक केली आहे. एका संस्थेची फिल्म होती. फुटेज डीव्ही या डिजिटल व्हिडिओ कॅसेटवरचं, वाइडस्क्रीनमध्ये म्हणजे १६:९ मध्ये चित्रित केलेलं. बोधचिन्ह म्हणजे आऱ्यांचं चाक. फुटेज ७२०×५७६ पिक्सेलचं, म्हणून चाकाचं अ‍ॅनिमेशनही मी ७२०×५७६ मध्येच केलं, पण चौरस पिक्सेलच्या, म्हणजे रुंदी-उंची सारखी असलेल्या ठिपक्यांच्या. टाइमलाइनवर, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये फिल्म जुळवतात त्या पट्टीवर, टाकलं तर दोन्ही कडांना जागा उरली. मग फाइलची सेटिंग बदलून तिलाही वाइडस्क्रीन ठरवलं. जागा भरली आणि मी निर्धास्त झाले. मोठ्या पडद्यावर मात्र चाक फिरायला लागलं आणि आरे आडवे होताना लांबायचे, उभे होताना आखडायचे. शेजारी बसलेले संस्थेचे जुने कार्यकर्ते हळूच म्हणाले, "ताई, आमचं चाक असं नाही हो."

गफलत कुठे झाली ते सांगते, कारण शिकवताना नेमकं हेच राहून जातं. पाल डीव्हीमध्ये (पाल ही भारतातल्या जुन्या टीव्हीची पद्धत) ४:३ चं चित्र आणि १६:९ चं चित्र, दोन्ही ७२०×५७६ च असतात. बदलते ती पिक्सेलची रुंदी. अडोबीच्या २००८ नंतरच्या सॉफ्टवेअरमध्ये ती उंचीच्या अनुक्रमे १.०९४ आणि १.४५८७ पट धरतात. म्हणजे १६:९ मध्ये ७२० पिक्सेल पडद्यावर १०५० इतके पसरतात, आणि मी सेटिंग बदलल्यावर माझं चौरस पिक्सेलचं चाकही तसंच पसरलं. ग्राफिक चौरस पिक्सेलमध्ये १०५०×५७६ मापाचं केलं आणि ते चौरस पिक्सेलचंच आहे असं सॉफ्टवेअरला सांगितलं, तर ते त्याला बिनचूक बसवून घेतं. एचडीव्ही या कॅसेटवरच्या एचडी पद्धतीच्या १०८० प्रकाराचंही असंच आहे, फाइल १४४०×१०८० ची आणि चित्र १९२० रुंदीचं.

आता मोबाईलचे पिक्सेल चौरस असतात, म्हणून हा प्रश्न मिटला असं समजू नका. वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवून सिनेमासारखी २.३९:१ ची रुंद चौकट करायची पद्धत आहे. १९२०×१०८० मध्ये त्या चौकटीत चित्राला उंचीचे जेमतेम ८०० पिक्सेल मिळतात. नावाची पट्टी १०८० च्या हिशेबाने बनवलेली असते, त्यामुळे माणसाचं नाव चित्रात आणि हुद्दा काळ्यावर येतो. बोलणाऱ्याचा तो अपमान आहे, असं मला मनापासून वाटतं. ग्राफिक करणाऱ्याच्या हाती फुटेजची एक फ्रेम आधीच दिली तर हे टळतं. आणि ग्राफिक लहान पडलंच तर रुंदी-उंची एकाच प्रमाणात वाढवावी. नुसती रुंदी ओढू नये.

वाहिन्यांना आणि एडिटिंग शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: बाजूच्या काळ्या पट्ट्यांना घाबरू नका. तिथे कॅमेऱ्याने काही टिपलेलंच नव्हतं. काम देण्याआधी टाइमलाइनवर एक वर्तुळ टाका, ज्या पडद्यावर लोक बघणार त्यावर ते लावा आणि साधी फूटपट्टी घेऊन आडवं-उभं मोजा. मी दर कामाला मोजते.

ते चाक मी दुसऱ्या दिवशी नव्याने करून दिलं. पण आदल्या संध्याकाळी वाटलेल्या डीव्हीडी परत आल्या नाहीत. त्या लोकांच्या घरी ते अजून लंबगोलच फिरतं.

आपली,
एक व्हिडिओ एडिटर