हात दुखतो म्हणून डाळ आणि दही सोडू नका

महोदय,

हात किंवा मनगट दुखू लागले की आपल्याकडे पहिला सल्ला पथ्याचा मिळतो. तुरीची डाळ बंद करा, हरभरा-वाटाणा वातूळ, ताक-दही तर नकोच. फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना असे पथ्य महिनोन्‌महिने निष्ठेने पाळणाऱ्या स्त्रिया मला सतत भेटतात. त्यांचे दुखणे जागच्या जागी असते आणि ताटातली प्रथिने व कॅल्शियम मात्र गेलेले असते, म्हणून हे पत्र.

रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येऊन जाग येत असेल, हात झटकल्यावर बरे वाटत असेल आणि करंगळीला काहीच होत नसेल, तर मनगटातील अरुंद बोगद्यातून जाणारी नस दबलेली असण्याची शक्यता मोठी असते. धुणे पिळण्यासारख्या कामांनी हा त्रास वाढतो. पण मधुमेह, थायरॉईडची कमतरता, वाढलेले वजन आणि गरोदरपण यांतही ही नस दबते. अशा वेळी आंबट सोडून काही साधत नाही. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा आणि रक्ताची तपासणी यांचा उपयोग होतो.

मुंग्या दोन्ही हातांना आणि सोबत तळपायांनाही येत असतील, तर ब-१२ जीवनसत्त्वाचा विचार करायलाच हवा. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळते, डाळ-भाजीतून नाही. शाकाहारी घरात सगळ्यांची पाने वाढून झाल्यावर जेवणारी, दूध फक्त चहापुरते घेणारी आणि त्यातच मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणारी बाई या कमतरतेच्या अगदी तोंडाशी उभी असते, आणि तिलाच आपण दही वर्ज्य करायला सांगतो! दुकानातून ‘नसांच्या गोळ्या’ आणून मनाने घेत राहणेही बरे नव्हे, कारण ब-६ अतिप्रमाणात गेल्यास त्यानेच नसांना इजा होते.

पथ्य खरोखर लागू पडते ते रक्तातील युरिक आम्ल वाढून होणाऱ्या गाउटला, जो पायाच्या अंगठ्याप्रमाणे मनगटातही उठतो. तिथे दारू, विशेषतः बिअर, कलेजीसारखे अवयवांचे मांस आणि साखरेची शीतपेये आवरावीत. डाळींना दोष देण्याचे कारण नाही. सकाळी तासभर बोटे आखडून राहत असतील आणि सांधे सुजत असतील, तर तो आमवात असू शकतो. बांगडा, तारली यांतील मेदाम्लांचा त्यात थोडा आधार मिळतो, पण औषधाला उशीर झाला तर सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात.

गावोगावच्या आरोग्य शिबिरांत हिमोग्लोबिन आणि साखर तपासली जाते. हातापायांना मुंग्या येतात असे सांगणाऱ्या रुग्णांची ब-१२ आणि थायरॉईडची तपासणीही तिथेच व्हावी, अशी आरोग्य विभागास माझी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट वाचक, सातारा