'फोन' इंग्रजी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मराठीतल्या परक्या शब्दांवरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, पण 'फोन', 'सिंफनी' आणि 'टोन' हे तिन्ही शब्द लेखकाने इंग्रजीच्या खात्यावर टाकले आहेत. इंग्रजीकडे ते उसनवारीनेच आलेत. मूळ घर ग्रीकांचं.

ग्रीकमध्ये 'फोने' म्हणजे आवाज आणि 'टेले' म्हणजे दूर. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलला टेलिफोनचं पेटंट १८७६ साली मिळालं, पण त्याच्या पंधरा वर्षं आधी फ्रँकफर्टमध्ये राइस नावाच्या जर्मन शिक्षकाने आपलं यंत्र दाखवलं होतं आणि त्यालाही 'टेलेफोन' हेच नाव दिलं होतं. पुढे जर्मन टपाल खात्याला हा परका शब्द खुपला आणि त्याने 'फेर्नश्प्रेखर', म्हणजे 'दूर बोलणारा', असा स्वदेशी शब्द रूढ करायला घेतला. पाट्यांवर तो बरीच वर्षं टिकला, लोकांच्या तोंडी मात्र 'टेलेफोन'च राहिला. आपल्या 'दूरध्वनी'ची गत आठवावी! आइसलँडच्या लोकांनी मात्र दोरा या अर्थाचा जुना शब्द हुडकून 'सीमी' केला, आणि तो आजही रोज वापरतात. खुद्द ग्रीकांना 'टिलेफोनो' बाहेरून परत घ्यावा लागला. माहेरची लेक पाहुणी होऊन आली म्हणायची.

आता या शब्दातल्या 'फ'विषयी. आमच्या घरी ऐंशी पार केलेल्या आई 'फोन' म्हणताना दोन्ही ओठ मिटतात, 'फणस'मधल्यासारखा फ काढतात, आणि नातवंडं हसतात. दातावर ओठ टेकवून म्हण, असं शिकवतात. गंमत अशी की प्राचीन अथेन्सचा माणूसही हा शब्द आईंसारखाच म्हणत असे. तो उच्चार दाखवायलाच रोमनांनी 'पी'ला 'एच' जोडला. नंतर ग्रीकांचाच उच्चार बदलला, पण जोडाक्षर मागे राहिलं. फ्रेंच आणि इंग्रजीने ते जपलं, इटालियन-स्पॅनिशने सरळ 'एफ' लिहिला, पोर्तुगालने १९११ च्या शुद्धलेखन सुधारणेत ते काढून टाकलं. नातवंडांना हे सांगितल्यापासून आईंचा रुबाब वाढलाय.

'सिंफनी'ची कथा तर आपल्या तत्सम-तद्भवासारखी. ग्रीक 'सिंफोनिया' म्हणजे सुरांचं एकत्र वाजणं. लॅटिनमार्गे इटलीत त्याची दोन रूपं झाली. पंडितांच्या हाती राहिलं ते 'सिंफोनिया', वाद्यवृंदासाठीची भारदस्त रचना. खेड्यापाड्यांतून घासत आलं ते 'झांपोन्या', म्हणजे मेंढपाळांची कातडी पिशवीची मशकबीन, जी नाताळात डोंगरातून उतरलेले वादक रस्त्यांवर वाजवत. स्पेनमध्ये त्याचंच 'सांपोन्या' झालं. 'अग्नी' देवघरात आणि 'आग' चुलीत, तसंच हे.

राहिला 'टोन'. ग्रीक 'टोनोस'चा पहिला अर्थ ताण, मग ताणलेल्या तारेचा सूर. हा धातू आपल्या 'तन्'चा सख्खा भाऊ. ताण, तान, तंतू सगळे त्याच घरातले, कुणी कुणाकडून उसने न घेतलेले. मी मिरजेचा. इथल्या सतारमेकर गल्लीत कारागीर तंबोऱ्याची खुंटी हळूहळू पिळतो, तार ताणली जाते, स्वर चढत जातो. मग तो कान तुंब्याजवळ नेतो आणि खुंटी केसभर मागे घेतो. लेखकमहाशय कधी इकडे आले, तर त्यांना तिथे घेऊन जाईन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, मिरज