बाई, तुमच्या लाल शाईसाठी

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

गावातलं दारूचं दुकान बंद करायच्या बायकांच्या मतदानात आडवी बाटली जिंकली (आडवी म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू). पेढे वाटून झाले, सत्कार झाले, पण मतदानाआधीच्या आमच्या भाषणावरच्या तुमच्या लाल रेघांचे आभार कुणीच मानले नाहीत. म्हणून हे पत्र, चारचौघांत.

आधी ज्यांनी भाषण लिहून दिलं (मानधन घेऊन, बरं का!), त्यांची फुलस्केपची चार पानं होती. पहिलं मान्यवरांच्या नावांत संपलं, दुसरं संतवचनांत, उरलेल्या दोनांत दारू किती वाईट. रोज रात्री नवऱ्याला उंबऱ्यातून ओढत आत घेणाऱ्या बाईला हे ऐकवायचं?

तुम्ही एवढंच विचारलंत, ‘ऐकून झाल्यावर तिनं करायचं काय?’ आणि भाषण तिथून फिरलं. 2008 च्या शासन आदेशाप्रमाणे निम्म्याहून जास्त मतं हवीत ती यादीतल्या सगळ्या महिला मतदारांच्या हिशेबानं, आलेल्यांच्या नव्हे. यादीत 600 नावं असली तर 301. समजा 400 जणी आल्या आणि 290 जणींनी आडवीला मत दिलं, तरी दुकान चालूच. घरी बसलेली बाई उभ्या बाटलीच्याच कामी येते. दारू वाईट हे सगळ्यांना पटलेलंच होतं. पटवायचं होतं ते खुरपणीचा एक दिवस बुडवून रांगेत उभं राहायला.

बाकीचे तुमचे धडे हिशेबी. मिनिटाला 110-120 शब्द, म्हणून पाच मिनिटांना 500 च लिहायचे, कुजबुज आणि टाळ्याही वेळ खातात. पाठ करायची पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं. सगळंच पाठ केलं की एक शब्द निसटला तरी गाडी तिथेच रुतते. मधले मुद्दे लग्नपत्रिकेच्या पाठीमागे, ठळक अक्षरांत, कारण पातळ कागद हाताबरोबर थरथरतो आणि ते शेवटच्या रांगेलाही दिसतं. माईक चार बोटं लांब, तोंडाच्या जरा बाजूला, नाहीतर ‘प’ आणि ‘फ’ फुटतात.

पण मनात राहिली ती 301 च्या पुढे तुम्ही लिहिलेली खूण: ‘इथे घोटभर पाणी.’ पहिल्यांदाच बोलणारीला ‘थांब’ म्हटलं तर ती थांबत नाही. विसरली म्हणतील, या धास्तीनं पुढे पळते आणि आकडा वाऱ्यावर जातो. हातात पेला असला की चार-पाच सेकंद आपोआप जातात. तेवढ्यात समोरची बाई मनातल्या मनात जावा-नणंदा मोजून घेते, कोण माहेरी गेलीय, कुणाला बोलवायचं. तहान लागेल म्हणून नव्हे, भीती लपावी म्हणून पाणी! हे ज्याला सुचतं त्याला माणसाची कदर असते.

आणि तुम्ही ना स्टेजवर आलात, ना फोटोत. शेवटच्या रांगेत बसलात, आवाज पोचेना की कानामागे हात धरायचात.

परवा शेजारच्या गावच्या बायका पत्रिका मागायला आल्या. 301 खोडून त्यांचा आकडा घातला. पाण्याची खूण तशीच ठेवली आहे.

आपल्या,
बचत गटातल्या सगळ्याजणी